एक रुपयाचा रतीब

पासबुक भरून आणायची माझी सवय अजून सुटलेली नाही. सगळी नोकरी बँकेत झाली, निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली, मोबाइलवर सगळं दिसतं. तरी ते यंत्रात सरकवावं, त्यानं कर्रकर्र करत ओळी छापाव्यात आणि घरी येऊन चष्मा लावून एकेक ओळ पाहावी, तेव्हाच मला हिशेब पाहिल्यासारखं वाटतं. यंदा मुलीकडे बंगळुरूला राहिले, त्यामुळे श्रावणात पासबुक भरलं तेव्हा पाच-सहा महिन्यांचं एकदम छापून आलं. दर महिन्याच्या 14 तारखेला 199 रुपये गेलेले. मार्च ते जुलै, पाच ओळी. त्यांच्या वर, 11 मार्चला, एक रुपया. समोर नाव कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेडचं, जन्मात न ऐकलेलं.

एक रुपया मात्र आठवला. गोष्टी ऐकवणारं ॲप होतं. पोळ्या लाटताना कानाला काहीतरी हवं म्हणून घेतलं होतं. 'फक्त 1 रुपयात ऐका' असं भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं. दोन दिवस ऐकलं. निवेदक प्रत्येक वाक्य असं म्हणायचा की जणू घरात नुकतंच कुणी गेलंय. तिसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं आणि विषय संपला असं धरून चालले.

त्याच शनिवारी भाचा साताऱ्याला आला. धाकट्या भावाचा मुलगा, बाणेरला एका कंपनीत आहे. काय करतो असं विचारलं की 'स्क्रीन बनवतो' म्हणतो. म्हणजे मोबाइलवर कुठलं बटण कुठे असावं, कुठल्या रंगाचं असावं, त्यावर काय लिहावं, हे ठरवणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्यासमोर पासबुक ठेवलं. त्यानं पाहिलं आणि हसला.

"आत्या, ॲप काढलंस म्हणजे काय केलंस? दारातलं दुधाचं भांडं आत घेतलंस. रतीब कुठे बंद केलास?"

"भांडं दिसलं नाही तर दूधवाला बेल वाजवतो रे. विचारतो, ताई, गावाला जाताय का?"

"हा नाही वाजवत."

"तेच म्हणतेय मी."

"पण तू हो म्हणाली होतीस ना? पिन टाकलायस तू."

"एका रुपयासाठी टाकला होता."

"नाही." त्यानं माझा फोन घेतला. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपे नावाचं पान असतं, ते उघडलं. रिकामं. मला वाटलं, चला, गेलं. पण माझ्या फोनवर अशी दोन ॲप आहेत. एक मी वापरते, एक जावयानं घालून दिलेलं. दुसऱ्यात ते सापडलं. पान माझ्यापुढे धरून तो वाचू लागला. रक्कम: 999 रुपयांपर्यंत. वारंवारता: दरमहा. वैधता: 2055.

"2055 साली मी शहाण्णव वर्षांची असेन," मी म्हणाले.

"गोष्टी ऐकायला बरं पडेल."

आमच्या घराण्यात विनोद असेच करतात, त्यामुळे मी सोडून दिलं. पण ते पान मी बराच वेळ बघत बसले. इथे सगळं लिहिलेलं होतं. कुणी काही लपवलं नव्हतं. मंजुरी देताना हेच पान माझ्यासमोर आलं असणार, आणि मी त्यातला फक्त एक रुपया वाचला असणार. एकतीस वर्षं लोकांना 'नीट वाचून सही करा' सांगणारी बाई मी.

"आणि 199 नेतात, मग 999 कशाला लिहून घेतलेत?"

"उद्या भाव वाढवला तर परत तुझ्याकडे यायला नको म्हणून. ती मर्यादा असते. 15,000 पर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी पिन लागत नाही."

"आणि हे सगळं तुला बरोबर वाटतं?"

"मला ते गुन्ह्यासारखं वाटत नाही," तो म्हणाला. "बघ, पहिल्याच पानावर 199 लिहिलं असतं तर तू आत आली असतीस?"

"नसते आले."

"मग ती गोष्ट लिहिणारा, वाचणारा, स्टुडिओवाला, यांचे पैसे कुठून निघणार? मराठीत ऐकणारे किती आणि त्यातले पैसे मोजणारे किती! चव दाखवल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. आंबेवालाही फोड कापून देतोच की."

"देतो. फोड खाल्ली आणि मी पुढे निघाले, तर दर महिन्याला माझ्या घरी पेटी पाठवत नाही."

तो म्हणाला, उपमा ताणू नकोस. मी म्हटलं, आंबा तू आणलास.

मग त्यानं जे सांगितलं ते मला खरोखरच नवीन होतं. अशा धंद्यात म्हणे सगळ्यात जास्त लक्ष येणाऱ्यांकडे नसतं, जाणाऱ्यांकडे असतं. कोण कुठल्या पानावरून गेलं, 'रद्द करा'वर बोट ठेवून कोण परत फिरलं, हे सगळं मोजतात. एकाच पानाचे दोन नमुने करतात, अर्ध्या लोकांना एक, अर्ध्यांना दुसरा, आणि ज्यातून कमी माणसं निसटतात तो ठेवतात. जायला निघालेल्याला आधी विचारायचं, का जाताय? मग सांगायचं, तुमची ऐकलेल्या गोष्टींची यादी पुसली जाईल. मग निम्म्या किमतीत राहता का? मग, महिनाभर थांबवून ठेवू का? 'राहतो' हे बटण ठसठशीत रंगाचं, 'जातो' हे फिकट, कधीकधी बटणही नाही, नुसती अक्षरं.

"आणि हे तू करतोस?"

"रंग माझ्याकडे असतो," तो म्हणाला. हे तो अगदी सहज म्हणाला. लपवाछपवी नाही, फुशारकी नाही. आमच्या शाखेतला शिपाई 'शिक्का माझ्याकडे असतो' म्हणायचा, तसं.

खरं तर या बाबतीत जगभर बोंब झालेली आहे, आणि ती त्याला माझ्याहून चांगली ठाऊक होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2023 साली ॲमेझॉनवर प्राइमच्या सभासदत्वावरून दावा लावला. आत शिरायला एक-दोन क्लिक, बाहेर पडायला मात्र चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय, असं आयोगाचं म्हणणं होतं. कंपनीतल्या आतल्या लोकांनी या बाहेर पडण्याच्या वाटेला नावही ठेवलं होतं: 'इलियड'. ट्रॉयच्या दहा वर्षं चाललेल्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य. सप्टेंबर 2025 मध्ये अडीच अब्ज डॉलरवर ते प्रकरण मिटलं. चूक केली असं कंपनीनं कबूल केलं नाही.

"नाव मात्र सुरेख ठेवलं होतं," मी म्हणाले. "आपल्याकडे 'वनवास' ठेवलं असतं."

"वनवासाला मुदत असते आत्या. चौदा वर्षं. तुझं 2055."

अमेरिकेत पुढे आणखी गंमत झाली, तीही त्यानंच सांगितली. जितक्या सोप्या पद्धतीनं सभासद करून घेता तितक्याच सोप्या पद्धतीनं सोडलं पाहिजे, असा नियम त्याच आयोगानं ऑक्टोबर 2024 मध्ये केला. जुलै 2025 मध्ये अपील न्यायालयानं तो मोडीत काढला, कारण नियम करताना आधीचं विश्लेषण कायद्यानं सांगितल्याप्रमाणे केलं नव्हतं. रद्द करायच्या बटणाचा नियमच रद्द.

मी विचारलं, आपल्याकडे काय? कारण बँकेचा भाग मला माहीत होता. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2019 मध्ये परिपत्रक काढलं आणि ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांना त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पैसे वळते करण्याआधी निदान 24 तास ग्राहकाला कळवायचं, आणि त्याला नको असेल तर तिथून थांबवता आलं पाहिजे. सुरुवातीला विनापिनाची मर्यादा 2,000 होती, मग 5,000 झाली, जून 2022 मध्ये 15,000. यूपीआयवरचं ऑटोपे 2020 साली आलं, त्यालाही हेच लागू.

"मग तुला मेसेज आला असेल," तो म्हणाला, आणि माझा मेसेजांचा डबा उपसायला लागला. मला आधीच घाम फुटला होता. वीजबिल, कर्ज घ्या, सोनं तारण ठेवा, मतदान करा, कर्ज घ्या. आणि मध्येच 13 मार्च. मग 13 एप्रिल. पाचही होते. इंग्रजीत, त्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावानं. ॲपचं नाव कुठेही नाही.

"आता बोल," तो म्हणाला. "नियम होता, बँकेनं पाळला, तुला पाच वेळा सांगितलं. पाचही वेळा तू वाचलं नाहीस. यात कंपनी कुठे फसवते?"

हा फटका बसला, हे मला मान्य केलं पाहिजे. वाद घालताना आपली बाजू पक्की आहे असं वाटत असतं आणि एकदम पायाखाली काही नसतं, तसं झालं. मी चहा टाकायला उठले. चहा टाकणं ही माझी वादातली तहकुबी असते.

ओट्याशी कॅलेंडर आहे. कालनिर्णयच, दुसरं कुठलं असणार. ऑगस्टच्या चौकोनांत माझ्या अक्षरात 'अर्धा', 'अर्धा', 'एक' असं लिहिलेलं, आणि मध्ये तीन चौकोनांवर फुली. दुधाचे खाडे. महिनाअखेरीला दूधवाला येतो, आम्ही दोघं त्या चौकोनांवर बोट ठेवून मोजतो, फुल्या वजा होतात. कधी त्याच्या वहीत दोन फुल्या, माझ्याकडे तीन. मग थोडं 'अहो ताई' आणि 'अहो दादा' होतं, आणि अडीच फुल्यांवर मिटतं.

मी चहा घेऊन आले आणि म्हटलं, "एक सांग. आजोबांकडे मासिकं यायची, आठवतात?"

"माळ्यावर आहेत अजून."

"वर्षाची वर्गणी आगाऊ मनीऑर्डरीनं जायची. वर्ष संपत आलं की अंकाच्या वेष्टणावर एक कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, या अंकाबरोबर आपली वर्गणी संपत आहे. पुढचे पैसे पाठवले नाहीत तर अंक बंद. संपादक बिचारा पत्र लिहायचा, पुन्हा पत्र लिहायचा. आम्ही विसरलो तर नुकसान त्याचं व्हायचं. म्हणून आठवण ठेवायचं काम त्याच्याकडे. तुमच्याकडे मी विसरले तर फायदा कुणाचा?"

तो गप्प बसला नाही. गप्प बसणाऱ्यांतला तो नाही.

"आत्या, बावीस वर्षांचा होतो तेव्हा मला एसआयपी कुणी लावायला लावली?"

"मी."

"आणि काय म्हणालीस? दर महिन्याच्या 5 तारखेला जातील, आता विसरून जा. हेच शब्द. 'विसरून जा.' माणूस विसरतो यावर आख्खी म्युच्युअल फंडाची बचत उभी आहे. विम्याचा हप्ता आपोआप जातो म्हणून पॉलिसी बंद पडत नाही. विजेचं बिल जातं म्हणून वायरमन दारात येत नाही. तेव्हा विसरणं चांगलं, आणि गोष्टींच्या ॲपला आलं की वाईट?"

"हो. अगदी तसंच," मी म्हणाले. "एसआयपीतले पैसे माझेच राहतात. विसरल्याचा फायदा मला. तुमच्या ॲपला पाच महिने माहीत होतं की ही बाई एक अक्षर ऐकत नाही. शेवटचं कधी उघडलं, कुठल्या गोष्टीच्या कितव्या मिनिटाला बंद केलं, हे त्यांच्याकडे आहे ना?"

"असतंच."

"दूधवाल्याला तीन दिवस भांडं दिसलं नाही तर तो समजतो. तुम्हाला सेकंदाचा हिशेब आहे, तरी पाच महिने तुम्हाला समजत नाही?"

"समजतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "अशा लोकांना आम्ही झोपलेले म्हणतो."

"आणि?"

"झोपलेल्यांना उठवू नये, असं म्हणतात. मेसेज पाठवला की आठवण होते आणि जातात."

इथे मला वाटतं आमचा वाद खऱ्या अर्थानं सुरू झाला, कारण आता तोही माझ्याशी भांडत नव्हता, स्वतःशीच काहीतरी तपासत होता. तो म्हणाला, जिमचं काय वेगळं आहे? जानेवारीत वर्षाचे पैसे भरतात आणि संक्रांतीनंतर दिसत नाहीत. सगळे रोज आले तर उभं राहायला जागा नाही. न येणारे येणाऱ्यांचा खर्च उचलतात, म्हणून फी परवडते. कॉलेजात असताना सदाशिव पेठेत मेस होती, तिथे पाटीच होती: सलग तीन दिवस नसाल तरच खाडा धरला जाईल, आदल्या दिवशी सांगितलं पाहिजे, महिन्यात चारपेक्षा जास्त खाडे मिळणार नाहीत. "मेसच्या काकूंना तू फसव्या म्हणशील?"

"काकूंनी पाटी लावली होती. दारातच. जेवायला बसण्याआधी. आणि डबा बंद करायला त्यांनी तुला चार खोल्यांतून फिरवलं नाही."

"नाही. पण तोंडावर काहीतरी बोलल्या असत्या."

"तेवढं चालतं."

विसरलेली माणसं आठवणाऱ्यांचा खर्च उचलतात, हे त्याचं वाक्य मात्र मला पटलं. वाईट अशासाठी वाटलं की ते खरं आहे. मी म्हटलं, म्हणजे माझ्या 995 रुपयांत कुणीतरी स्वस्तात गोष्टी ऐकल्या. मग धर्मादायाची पावती तरी द्या, करात सूट घेईन.

तेव्हा त्यानं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"आणि तू? तुझ्या शाखेत खातं बंद करायला आलेल्या माणसाला काय सांगायचीस?"

मी काही बोलले नाही.

"बाबांना तू स्वतः तीन चकरा मारायला लावल्यास. सख्ख्या भावाला. एकदा सही जुळत नाही. एकदा मॅनेजर जेवायला गेलेत. एकदा, चेकबुकातले उरलेले चेक आणा. बाबा अजून सांगतात."

खरं आहे. मार्चअखेर होती, खात्यांची संख्या वर कळवायची होती, आणि बंद होणारं प्रत्येक खातं म्हणजे शाखेच्या अंगावर उणे एक. आम्हाला कुणी लेखी सांगितलं नव्हतं की अडवा. फक्त खातं उघडायचा फॉर्म काउंटरवर ढिगानं असायचा, आणि बंद करायचा अर्ज कोऱ्या कागदावर लिहून आणा असं सांगायचो. मजकूर काय लिहायचा, हे विचारल्याशिवाय सांगायचो नाही. म्हातारी माणसं पायरीवर बसून दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. आता मला ते दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं असं नाही, पण तेव्हा ती 'पद्धत' होती. भाच्याच्या हातात रंग आहे, माझ्या हातात कोरा कागद होता.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "म्हणून तर मला कळतं ना, की ते चुकून होत नाही."

यावर तो हसला आणि वातावरण निवळलं. मग त्यानं आपल्याकडच्या नियमांचं सांगितलं. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा चलाख्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. इंग्रजीत त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश माणसानं 2010 साली हा शब्द काढला, तोही भाच्याच्याच धंद्यातला. प्राधिकरणानं तेरा प्रकार मोजले आहेत. खरेदीच्या टोपलीत न घातलेली वस्तू बिलात येणं, खोटी घाई, ओशाळवाणं करणं. विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हटलं तर 'मी असुरक्षितच राहीन' या वाक्यावर टिचकी मारायला लावतात, ते शेवटच्यात मोडतं. आणि एक प्रकार म्हणजे सभासदत्वाचा सापळा: रद्द करणं अवघड किंवा लांबलचक करणं, तो पर्याय लपवणं, सूचना गोंधळाच्या ठेवणं. फुकट म्हणून दिलेल्या गोष्टीसाठी आधीच आपोआप पैसे कापायची परवानगी सक्तीनं घेणं, हेही त्यात आहे.

"मग माझं प्रकरण सरळसरळ त्यात बसतं की!"

"फुकट असतं तर बसलं असतं," तो म्हणाला. "तुझ्याकडून एक रुपया घेतलाय."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे एक रुपया त्यासाठी?"

"मी असं म्हटलेलं नाही. खातं खरं आहे का हे तपासायलाही एक रुपया घेतात. पण एक रुपया घेतला की ते फुकट म्हणता येत नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नसेल असं मी धरणार नाही."

एक रुपयाची अशी किंमत मी बँकेतही पाहिली नव्हती.

थोड्या वेळानं, मी न विचारता, त्यानं आणखी एक सांगितलं, आणि मला वाटतं दिवसभरात तो सर्वांत प्रामाणिक तेव्हाच होता. जर्मनीत 1 जुलै 2022 पासून कायदा आहे की वेबसाइटवरून असे करार करून घेणाऱ्यानं करार संपवायचं बटणही तिथेच, सहज सापडेल असं ठेवलं पाहिजे. त्याच्या कंपनीचे थोडे ग्राहक तिकडे आहेत. त्यांच्यासाठी वेगळं पान करायचं काम त्याच्याकडेच आलं. दोन पायऱ्या. बटण, खात्री, संपलं. "एका दुपारीत झालं ते," तो म्हणाला. "इथलं पान करायला आम्हाला सहा आठवडे लागले होते."

"सोपं करायला दुपार, अवघड करायला सहा आठवडे."

"तसंच काहीसं."

"मग तिकडचं पान इकडे का नाही लावत?"

"मी विचारलं होतं." पुढे तो काही बोलला नाही, आणि मीही खोदलं नाही. पगार कुठून येतो हे माणसाला माहीत असतं.

संध्याकाळी आम्ही माझं काम उरकलं. त्या पानावर दोन पर्याय होते, थांबवा आणि रद्द करा. थांबवलं की ते पुन्हा सुरू होऊ शकतं, म्हणून रद्दच करायचं, असं त्यानं बजावलं. पिन टाकला आणि गेलं. वीस सेकंद. मी म्हटलं, मग तू म्हणत होतास ते चार पानांचं युद्ध कुठे आहे? तो म्हणाला, ते युद्ध कंपनीच्या दारात असतं. तू पैशांच्या दारातून गेलीस. तिथे नियम रिझर्व्ह बँकेचा आहे. कार्डावरून जात असेल तर बँकेच्या पानावर अशी परवानग्यांची यादी असते, आणि प्ले स्टोअर किंवा ॲपलमधून घेतलं असेल तर तिथल्या खात्यात सदस्यत्वांची यादी. ॲप काढून काहीच होत नाही. पण पैशांचा नळ बंद केला तरी कंपनीलाही लेखी कळवून ठेवावं, नाहीतर काही जण थकबाकीची पत्रं पाठवतात. ते मी त्याच्याकडून इमेलवर करवून घेतलं. शेवटचे 199 परत मागितले, बाकीचे मागायला मलाच लाज वाटली. दाद लागली नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो कॅलेंडरवर दूधवाल्याच्या नंबराखाली लिहून ठेवला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली, कारण ती त्याला माहीत नव्हती. त्याचे मित्र म्हणे अशा फुकट्या चाचण्यांसाठी वेगळं खातं ठेवतात, त्यात शंभरच रुपये असतात, म्हणजे वसुली फसते. मी म्हटलं, खुशाल ठेवा, पण हप्ते आपोआप वळते करायच्या जुन्या ईसीएस पद्धतीत शिल्लक नसली की बँक चेक न वटल्यासारखा दंड लावायची, आताच्या 'नाच' (NACH) पद्धतीतही लावते. एकदा बँकेचं शुल्कपत्रक वाचून घ्या. 199 वाचवताना त्याहून जास्त जायचे.

"शुल्कपत्रक कोण वाचतं?" तो म्हणाला.

"मी तुझा मेसेज वाचला नाही, तू माझं शुल्कपत्रक."

मोबाइलवर कॉलर ट्यून आपोआप चालू व्हायची, महिन्याला तीस रुपये जायचे, तो काळ त्याला पुसट आठवतो. तेव्हाही लोक म्हणायचे, चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल. मग 2013 मध्ये दूरसंचार नियामकानं दोनदा होकार घेतल्याशिवाय सेवा सुरू करायची नाही असं सांगितलं, आणि 155223 हा बंद करण्याचा नंबर सगळ्या कंपन्यांना सारखा होता. लोकांची बोटं एकाएकी शहाणी झाली असं कुणी म्हणालं नाही, पण तक्रारी मी तरी पुढे फारशा ऐकल्या नाहीत. भाचा म्हणाला, दोनदा विचारलं की निम्मी माणसं गळतात. मी म्हटलं, ती गळत नाहीत, ती आधीच आलेली नसतात.

यावर आमचं एकमत झालं नाही. तो म्हणतो माणसाला खरं काय हवंय हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं, थोडं ढकलावं लागतं, आणि ढकललेल्यांतले पुष्कळजण नंतर खूश असतात. असतील. मीही लोकांना ढकलून आवर्ती ठेवी लावून दिल्यात, आणि त्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न त्या पैशांतून झालं. पण ती दर महिन्याला काउंटरवर यायची. नको असतं तर न येता आलं असतं.

जेवायच्या आधी तो म्हणाला, माझंही बघतो, माझ्याकडे काय काय चालू आहे. माझ्यासमोरच यादी उघडली. सात निघाली. एसआयपी, विमा, गाणी, सिनेमे अशी ओळखीची. सातवं 2021 मधलं, शांत झोप लागण्यासाठीचं. लॉकडाऊनमध्ये त्याला झोप लागत नव्हती, तेव्हा घेतलेलं. त्याला आठवतही नव्हतं.

"चार वर्षं?" मी म्हणाले. "झोपलेला."

तो रागावला नाही. उलट उत्साहानं ते ॲप पुन्हा उतरवून घेतलं आणि कंपनीच्या दारातूनच जायचं ठरवलं, मला दाखवायला. पहिलं पान: चंद्राचा चेहरा, डोळ्यांत पाणी. "बघ, इथे पार्श्वभूमी गडद केलीय, म्हणजे हे बटण दिसतच नाही." दुसरं पान: तुम्ही इतक्या रात्री आमच्याबरोबर झोपलात. "आकडा मोठा काढायला एकूण दिवस मोजलेत, वापरलेले नाही. हुशार आहे." तिसऱ्यावर सत्तर टक्के सवलत आणि मागे मागे धावणारं घड्याळ. फोन माझ्याकडे वळवून तो प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवत होता, सुतारानं दुसऱ्याच्या टेबलाचा सांधा बघावा तसा. "हे ज्यानं केलंय ना, तो चांगला माणूस आहे. म्हणजे कामात."

ताटं झाली. तो फोन उपडा ठेवून जेवायला बसला. वरणभात झाला, ताक झालं, पुण्याच्या रस्त्यांवर बोलून झालं. हात धुवून तो निघायच्या तयारीत बॅगेची चेन ओढत होता, तेव्हा मी विचारलं,

"रद्द केलंस का रे ते?"

त्यानं बॅग खाली ठेवली आणि खिशात हात घातला.